काट्याबाहेरची कमाई

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन-तीन आठवडे बहुधा आनंदाचे जातात. जठराचा मोठा भाग काढून टाकलेला असतो किंवा अन्नाचा मार्ग आतड्याकडे वळवलेला असतो. आहार पातळ पदार्थांपुरता असतो आणि दररोज सकाळी वजनकाट्याचा आकडा खाली सरकलेला दिसतो. वर्षानुवर्षे ज्या काट्याने अपमान केला, तोच आता शाबासकी देऊ लागतो. मग तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास एक दिवस असा उजाडतो की काटा हलत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, आठवडा उलटला तरी नाही. खाणे तेच, चालणे तेच, गोळ्या त्याच. आकडा मात्र खिळून राहिलेला. ‘वजन अडकले’ हे शब्द घरात उच्चारले जातात आणि काढलेले कर्ज, पोटावरचे टाके व सोसलेले कष्ट सारे वाया गेले, अशी शंका मनात घर करते.

ही शंका केवळ दुःखद असती तर तिची दखल वृत्तपत्राने घेण्याचे कारण नव्हते. परंतु ती घातकही आहे. आकडा हलेना म्हणून मुळात कमी असलेले जेवण आणखी कमी केले जाते, आणि त्यात पहिला बळी प्रथिनांचा जातो. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, अशी सर्वसाधारण शिफारस असते. ती गेली नाहीत तर चरबीऐवजी स्नायू झिजतात. दुसरे असे की, ज्याला आपण नापास झालो असे वाटते तो परीक्षकासमोर जाण्याचे टाळतो. पुढची तपासणी चुकते, रक्तातील लोह आणि बी-१२ जीवनसत्त्व मोजायचे राहून जाते, आणि आयुष्यभर घ्यावयाच्या गोळ्या कपाटात पडून राहतात. तात्पर्य, काटा थांबला यापेक्षा काटा थांबल्यावर माणूस काय करतो, यात खरा धोका आहे.

देह म्हणजे जमाखर्चाची वही नव्हे

वजन अडकते का, याचे उत्तर शरीरशास्त्रात आहे. रुग्णाच्या चारित्र्यात नव्हे. शरीर आपली तातडीची ऊर्जा यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठवते, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. उपासमारीसारख्या पहिल्या दिवसांत हा साठा रिता होतो, पाणी निघून जाते आणि काटा झपाट्याने उतरतो. म्हणजे प्रारंभीच्या त्या उत्साहवर्धक आकड्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. पुढे शरीर स्थिरावते व साठा काही अंशी पुन्हा भरू लागते, तेव्हा चरबी कमी होत असूनही काट्यावर ती घट दिसत नाही. एका हाताने खर्च आणि दुसऱ्या हाताने जमा चालू असता शिल्लक तेवढीच दिसावी, तसा हा प्रकार आहे.

याखेरीज दुसरे, अधिक खोल कारण आहे. अन्न कमी मिळू लागले की शरीर आपला खर्चही आवरते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवून निरीक्षणे केली. त्यांच्या शरीरांनी विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जाखर्च मोठ्या प्रमाणात घटवल्याचे आढळले.

महाराष्ट्रातील अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना हा विषय अगदी परका नाही. प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीलकंठ रथ यांनी १९७१ साली पुण्याहून प्रसिद्ध केलेल्या दारिद्र्यविषयक अभ्यासात दरडोई दररोज २२५० कॅलरी हा किमान आहाराचा निकष धरला होता. पुढे डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला, की माणसाची ऊर्जेची गरज ही स्थिर संख्या नसून निरोगी शरीर काही मर्यादेत आपला खर्च स्वतःच कमीजास्त करते. त्या सिद्धांतावरून दारिद्र्याविषयी काढलेले निष्कर्ष वादग्रस्त ठरले, आणि दांडेकरांनी त्यांचा कडाडून प्रतिवाद केला. तो वाद येथे पुन्हा उकरण्याचे कारण नाही. परंतु इतक्या कॅलरी कमी केल्या की इतके किलो कमी झालेच पाहिजेत, हे गणित देहाला मान्य नसते, एवढे भान त्या वादाने मराठी वाचकाला चाळीस वर्षांपूर्वीच दिले होते. भुकेल्या माणसाच्या देहाविषयी जे भान आपण बाळगतो, ते स्थूल माणसाच्या देहाविषयी का बाळगू नये?

एका आकड्याची मर्यादा

मोजमापाचा हा मोह जुना आहे. उंची आणि वजन यांचे जे गुणोत्तर आज बॉडी मास इंडेक्स किंवा बीएमआय म्हणून ओळखले जाते, ते बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अॅडॉल्फ केटले यांनी १८३२ साली मांडले. त्यांना ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. एखाद्या व्यक्तीच्या प्रकृतीचा निवाडा करायचा नव्हता. १९७२ साली कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी या गुणोत्तराला आजचे नाव दिले, आणि समूहाच्या अभ्यासासाठी असलेले साधन हळूहळू व्यक्तीच्या कपाळावरचा शिक्का बनले.

या साधनाची मर्यादा पुण्याच्याच एका संशोधकाने मोठ्या मार्मिकपणे दाखवून दिली आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय सारखाच, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरातील चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिकांचे २१.२ टक्के. आकडा एक, देह दोन. जो आकडा दोन सडपातळ संशोधकांत भेद करू शकत नाही, त्याने शस्त्रक्रियेतून उठलेल्या रुग्णाच्या यशापयशाचा अंतिम निकाल द्यावा, हे तर्काला धरून नाही.

शस्त्रक्रियेचा हेतू किलो घटवणे हा नसून आयुष्य वाढवणे आणि सुसह्य करणे हा आहे, याचा सबळ पुरावा स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासातून मिळतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरासरी सुमारे अकरा वर्षांच्या काळात शस्त्रक्रिया झालेल्या २०१० जणांपैकी १०१ जण मृत्यू पावले. शस्त्रक्रिया न झालेल्या, पण इतर बाबतींत तुल्य अशा २०३७ जणांपैकी १२९. त्याच अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले, आणि दहा वर्षांनंतर ही घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे आकडा थांबणे, किंबहुना काहीसा परत चढणे, हाच सर्वसाधारण क्रम आहे. तरीही जीव वाचले. मधुमेहाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. बायपासनंतर अनेकांची रक्तशर्करा वजनात लक्षणीय घट होण्यापूर्वीच, काही दिवसांत, ताब्यात येऊ लागते. काट्याला ज्याची वार्ताही नसते असा हा विजय आहे.

मांडी घालून बसण्याचे मोल

असे विजय दवाखान्याबाहेरही असतात आणि ते मोजण्यासाठी उपकरण लागत नाही. कित्येक वर्षांनी पंगतीत मांडी घालून बसता येणे, उठताना कुणाचा हात लागू नये, एस.टी.च्या बाकावर शेजारच्या प्रवाशाने अंग चोरून न घेणे. रेल्वे स्थानकाचा पूल मध्ये न थांबता चढणे. वाकून स्वतःच्या पायाची नखे कापता येणे. आईच्या बांगड्या हातात चढणे. लग्नघरी मागच्या रांगेतली खुर्ची न शोधणे. रक्तदाबाची एक गोळी डॉक्टरांनी बंद करावी, इन्सुलिनचे प्रमाण निम्म्यावर यावे, झोपेत अडकणारा श्वास मोकळा व्हावा आणि घरच्यांनाही रात्रीची स्वस्थ झोप लागावी, हीसुद्धा त्याच खात्यावरची जमा होय. काटा ज्या महिन्यात हलत नाही, त्या महिन्यात कमरेचे माप अनेकदा कमी झालेले असते. परंतु शिवणकामाची टेप कुणी हातात घेत नाही.

राष्ट्राच्या बाबतीत ही चूक अर्थशास्त्राने उशिरा का होईना, दुरुस्त केली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीचा पाया घालणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ साली बजावले होते, की या आकड्यावरून लोककल्याणाचा अंदाज बांधता येणार नाही. तरी मानवविकास निर्देशांकात उत्पन्नाशेजारी आयुर्मान आणि शिक्षण येऊन बसायला १९९० साल उजाडावे लागले. निर्देशांकातून उत्पन्न वगळले गेले नाही, त्याची मक्तेदारी तेवढी संपली. रुग्णाच्या तपासणीपत्रकात काट्याची मक्तेदारी संपवण्याची वेळ आता आली आहे.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. काट्याबाहेरच्या यशाचे कौतुक ही स्वतःची समजूत घालण्याची सोय तर नव्हे? मांडी घालता येते म्हणून वाढत्या वजनाकडे डोळेझाक करण्याचा धोका नाही काय? धोका निश्चित आहे. काही रुग्णांचे वजन वर्ष-दोन वर्षांनंतर मोठ्या प्रमाणावर परत चढते. गोड पेये, सतत थोडेथोडे खात राहणे, मद्य आणि सुटलेला व्यायाम ही त्याची परिचित कारणे; कधी मूळ शस्त्रक्रियेतही दोष निघतो. म्हणून काटा फेकून देणे हा मार्ग नव्हे. दोन-चार आठवड्यांचे थबकणे वेगळे आणि महिनोन्‌महिने चालू राहिलेली चढ वेगळी, हा विवेक करता आला पाहिजे. पहिल्यासाठी धीर पुरतो. दुसऱ्यासाठी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ हवेत. उलट वजन छान उतरत आहे म्हणून सारे ठीक आहे, असेही मानता येत नाही. सतत उलट्या होत असतील, हातापायांना मुंग्या येत असतील, तर ती जीवनसत्त्वांच्या गंभीर कमतरतेची खूण असू शकते, आणि त्या वेळी काटा मात्र खूष असतो. एकट्या काट्यावर विसंबणे दोन्ही बाजूंनी धोक्याचे आहे.

दोष एकट्या रुग्णाचा नाही

ही आकड्याची भक्ती रुग्णाने एकट्याने निर्माण केलेली नाही. शस्त्रक्रियेच्या जाहिरातींत ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे असतात आणि खाली घटलेले किलो ठळकपणे छापलेले असतात, सुटलेल्या गोळ्यांचे छायाचित्र कुणी छापत नाही. वृत्तपत्रेही यात मागे नाहीत. २०१७ साली इजिप्तहून एका अतिस्थूल महिलेला मालवाहू विमानाने उपचारांसाठी मुंबईत आणण्यात आले. तिचे वजन सुमारे ५०० किलो सांगितले जात होते. ते किती उतरले, याचे आकडे मथळ्यांतून झळकत राहिले. पुढे नेमके किती उतरले यावरून जाहीर वादही झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबू धाबी येथे तिचे निधन झाले. माणसाची कहाणी किलोंत सांगण्याची सवय किती उथळ असते, हे त्या वेळी सर्वांनीच ओळखायला हवे होते.

विम्याचा व्यवहारही आकड्याभोवतीच फिरतो. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली ठरवून दिलेल्या प्रमाण शब्दरचनेत अशा शस्त्रक्रियेसाठी बीएमआय ४०, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५, ही अट घालण्यात आली. शस्त्रक्रिया-तज्ज्ञांच्या अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी मात्र २०२२ साली आशियाई लोकांना २७.५ पासूनच हा उपचार देऊ करावा, अशी शिफारस केली. याज्ञिक-युडकिन छायाचित्राचा अर्थ ध्यानी घेतला, तर या शिफारशीचे नवल वाटू नये.

करता येण्याजोग्या गोष्टी अवघड नाहीत. शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णाला आणि घरच्यांना स्पष्ट सांगावे, की वजन मध्येच थांबेल, आणि ते अपयश नसेल. तपासणीपत्रकात वजनाबरोबर कमरेचे माप, रक्तदाब, रक्तशर्करा, चालू असलेल्या गोळ्यांची संख्या आणि न थांबता चढता येणारे जिने यांचेही रकाने असावेत. शस्त्रक्रियेच्या खर्चातच पुढील काही वर्षांच्या तपासण्या, आहारसल्ला आणि मानसिक आधार धरलेला असावा; कारण शस्त्रक्रिया काही तासांची असते आणि तिच्यासह जगणे आयुष्यभराचे. घरच्यांसाठी तर एकच पथ्य पुरेसे आहे: ‘आता किती झाले?’ हा प्रश्न काही दिवस विचारू नये. त्याऐवजी ‘आज कुठवर चालून आलीस?’ असे विचारून पाहावे.

काटा पुन्हा हलू लागतो. बहुतेकांच्या बाबतीत तो काही आठवड्यांत हलतो आणि त्या दिवशी घरात हायसे वाटते. परंतु तो हलण्यापूर्वीच्या थांबलेल्या दिवसांत ज्याने जेवणातली प्रथिने सोडली नाहीत, गोळ्या चुकवल्या नाहीत आणि ठरलेल्या दिवशी तपासणीला जाणे टाळले नाही, त्याची कमाई अधिक टिकाऊ असते. ती कोणत्याही काट्यावर उमटत नाही. पुढच्या श्रावणात, पंगतीत जमिनीवर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर मात्र ती दिसते.