नर्मदेच्या तळालाही विचारा

ग्वारीघाटावर रोज संध्याकाळी नर्मदेची महाआरती होते. जबलपूरकरांइतकीच परिक्रमेला निघालेल्या मराठी माणसांनाही ही नदी आईच्या ठिकाणी आहे. तिचं पाणी शुद्ध आहे का, हे मात्र आपण बाटलीभर नमुन्यावरून ठरवतो. लिटरमागे विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी (जैवरासायनिक प्राणवायू मागणी) जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम आणि १०० मिलिलिटरमागे कोलिफॉर्म जिवाणू ५०० च्या आत, हे स्नानाच्या पाण्याचे निकष आहेत. ते हवेतच. पण त्यांतून मिळणारं उत्तर अर्धं असतं. उरलेलं अर्धं तळातल्या गाळात असतं.

अर्धवट नमुना किती वर्षं दिशाभूल करू शकतो, याचा धडा खोल समुद्रातल्या नळकृमींनी विज्ञानाला दिला आहे. ‘सिबोगा’ जहाजाच्या मोहिमेत मिळालेल्या अशा एका दोऱ्यासारख्या कृमीचं वर्णन फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ मॉरिस कोलेरी यांनी १९१४ मध्ये केलं. त्याला ना तोंड, ना आतडं. अशा कृमींना कुठं बसवावं ते कळेना, म्हणून पुढं त्यांच्यासाठी पोगोनोफोरा हा वेगळा संघ मांडला गेला आणि त्यांचं नातं पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या बाजूला जोडलं गेलं. उलगडा झाला तो १९६४ मध्ये. समुद्रतळावरून ओढून काढताना कृमीचं मागचं टोक तुटून गाळातच राहत होतं, आणि त्या टोकावरच वलयं आणि दृढरोम होते. ही तर गांडुळाच्या संघाची खूण! १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ समुद्रतळातल्या उष्ण झऱ्यांपाशी दिसलेला, दोन मीटरपर्यंत वाढणारा रिफ्टियाही याच घराण्यातला. आज हे सारे वलयी संघातल्या सिबोग्लिनिडी या एकाच कुळात मोडतात.

याच संघातला, नळीतच राहणारा एक कृमी गोड्या पाण्याच्या गाळात असतो. घरी मासे पाळणारे त्याला ट्युबिफेक्स म्हणून ओळखतात. त्याचं डोकं गाळात रुतलेलं असतं आणि शेपटी वर पाण्यात सतत डोलत असते. प्राणवायू कमी पडला की तो शेपटी आणखी बाहेर काढतो. रिफ्टियाच्या पिसाऱ्यासारखाच तोही लाल असतो, कारण दोघांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं. मैलापाणी साचतं तिथं नाजूक जलकीटकांची पिल्लं तग धरत नाहीत, हा कृमी मात्र माजतो. म्हणूनच तळातल्या जीवांना गुण देण्याच्या ब्रिटिश पद्धतीत स्टोनफ्लाय या अशाच नाजूक जलकीटकाच्या बहुतेक कुळांना १० गुण मिळतात, या कृमींना १. बाटलीतलं पाणी त्या घटकेपुरतं बोलतं. वरच्या अंगाला बरगी धरणातून किती पाणी सोडलं, त्यावरही ते बदलतं. तळातले जीव महिनोन्‌महिने तिथंच असतात आणि जे वाहून गेलं त्याचीही साक्ष देतात.

हे कृमी स्वच्छ नदीतही असतात, मग त्यांच्यावरून दोष कसा द्यायचा, असं कोणी म्हणेल. शंका रास्त आहे. म्हणून एका कृमीवरून निकाल द्यायचा नाही. शहराच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या गाळात कोणते जीव किती प्रमाणात आहेत, याची तुलना करायची. घाटाचा दगडी तळ आणि वळणावरचा गाळ एका मापानं मोजायचा नाही. दुसरा आक्षेप तज्ज्ञांच्या टंचाईचा. पण इथं प्रत्येक जातीचं नाव लावावं लागत नाही, कुळ ओळखलं तरी काम भागतं. जाळी, चाळणी, सूक्ष्मदर्शक आणि प्राणिशास्त्राचे विद्यार्थी एवढं साहित्य महाविद्यालयांकडे असतं. शिवाय ही पद्धत परकी नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानंही जैविक निकष आखलेले आहेत. आणि जिवाणूंची तपासणी थांबवा, असं कोणीच म्हणत नाही. स्नान करणाऱ्याच्या आरोग्यासाठी तिला पर्याय नाही.

पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, वर्षातून दोनदा ग्वारीघाटाच्या तळाची पाहणी व्हावी आणि तिचा निकाल घाटावरच, आरतीला येणाऱ्या प्रत्येकाला वाचता येईल असा लावावा. समुद्रतळाच्या गाळात राहिलेल्या एका तुकड्यानं वर्गीकरणातली चूक सुधारली. नर्मदेला आई म्हणणाऱ्यांनी तिच्या गाळाची साक्षही काढली पाहिजे.