जपमाळ घराबाहेर का गेली?

ऑक्टोबर महिना उजाडला की आपल्या धर्मग्रामांमध्ये जपमाळेला भरती येते. वाडी-आळीतून पवित्र मरियेची मूर्ती घरोघर फिरू लागते. पाळी कोणाची, खुर्च्या कोणी आणायच्या, ध्वनिक्षेपक कोणाचा, हे सारे आधीच ठरलेले असते. ज्या घरी मूर्ती यायची त्या घराची झाडलोट होते, आल्तारावर नवे कापड, फुले आणि विजेची माळ चढते. प्रार्थना आटोपली की चहा, वडे, केकचे तुकडे आणि मग मोबाइलवर छायाचित्रांची देवाणघेवाण. दुसऱ्या दिवशी मूर्ती पुढच्या घरी जाते, विजेची माळ उतरते आणि त्या घरातील जपमाळ पुढच्या ऑक्टोबरपर्यंत खिळ्याला लटकत राहते.

सर्वच घरांना हे लागू नाही, हे मान्य. पण कितींना लागू आहे, याची मोजदाद ज्याने त्याने आपल्या आळीपुरती मनातल्या मनात करावी. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : आपण जपमाळेचा महिना थाटाने साजरा करतो आणि त्याच थाटाच्या आड घरातील रोजची जपमाळ मरू देतो. ही गोष्ट साधी नाही. कुटुंबाची सायंप्रार्थना बंद पडते तेव्हा त्या घरातून आणखीही बरेच काही निघून जाते आणि त्याची भरपाई धर्मग्रामाच्या कोणत्याही कार्यक्रमाने होत नाही.

यावर एक विद्वान आक्षेप घेतला जाईल, तो आधीच निकालात काढतो. तेरावे लिओ यांनी 1 सप्टेंबर 1883 च्या परिपत्रकाने ऑक्टोबर महिना जपमाळेला वाहिला, तो मंदिरांतून सामूहिकरीत्या जपमाळ म्हणण्यासाठीच. मग एकत्र येऊन प्रार्थना करणाऱ्यांना नावे का ठेवावीत? मुळीच ठेवू नयेत. एकत्र येणे ही ख्रिस्तसभेची प्रकृतीच आहे. परंतु त्याच ख्रिस्तसभेने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, 1964 साली, कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हटले आणि आईवडिलांना आपल्या मुलांपुढे श्रद्धेचे पहिले प्रचारक ठरवले. सहावे पॉल यांनी 1974 मध्ये मरियाभक्तीविषयी लिहिताना कुटुंबाने एकत्र म्हणायच्या प्रार्थनांत जपमाळेला मानाचे स्थान दिले. सामूहिक जपमाळ ही घरच्या जपमाळेची वाढ असावी अशी अपेक्षा आहे. आपण तिला घरच्या जपमाळेची बदली करून टाकले आहे.

ज्या पिढीने हे घरचे व्रत पाळले तिच्याकडे वेळ होता, असे म्हणण्याची प्रथा पडली आहे. कोणता वेळ होता? ऑक्टोबर म्हणजे शेतकरी घरात श्वास घ्यायला सवड नसलेला महिना. पाऊस ओसरतो, ऊन चटके देऊ लागते, भात पिवळे पडते आणि कापणी, बांधणी, झोडणी एकामागोमाग एक दारात उभ्या राहतात. मुंबई-ठाण्याच्या ईस्ट इंडियन गावठाणांतून ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेराचा सण होतो, नव्या भाताची कणसे वेदीपुढे आणून आशीर्वादित करून घेतली जातात, ती याच धबडग्यात. (आज अनेक गावठाणांत कणसे आहेत, शेत नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) दिवसभर वाकून कापणी केलेली माणसे रात्री कंदिलाच्या उजेडात गुडघे टेकत होती. कंबर दुखत होती, डोळ्यांवर झोप होती, तरी पाच दशके पूर्ण होत होती. पाच दशकांना वीस मिनिटे पुरतात. विरार गाडीतून लोंबकळत रात्री साडेआठला घरी पोहोचणाऱ्याचे कष्ट मी कमी लेखत नाही. पण जेवणानंतर दूरचित्रवाणीसमोर किंवा मोबाइलवर दीड तास घालवणाऱ्या माणसाने वीस मिनिटांचा हिशेब सांगू नये.

आता त्या जपमाळेच्या शेपटाविषयी. जाणत्या वाचकांना ठाऊक आहे की जुन्या घरांतून जपमाळ लितानीपाशी संपत नसे. त्यानंतर सुरू होई ती घरातील वडीलधाऱ्यांची स्वतःची यादी. एक ‘आमच्या स्वर्गातील बापा’ आजोबांच्या आत्म्यासाठी, एक त्यांच्या भावासाठी, एक जन्मताच गेलेल्या लेकरासाठी, एक दर्यावर गेलेल्यांसाठी, एक आजारी शेजारणीसाठी, एक ज्याच्याशी बांधावरून भांडण झाले त्याच्यासाठी आणि शेवटी एक ज्यांची आठवण काढणारे कोणीच उरले नाही अशा शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी. लहान मुले कंटाळत, एकमेकांना चिमटे काढत, कोणी पेंगून भिंतीला टेके. पण त्या कंटाळ्यातच त्यांना आपल्या घराण्याचा इतिहास पाठ होत असे. पणजोबांचे नाव काय, मावशी कोणत्या तापाने गेली, कोणाचे ऋण घरावर आहे, कोणाला क्षमा करायची राहिली आहे, हे त्यांना वेगळे शिकवावे लागत नव्हते. शत्रूचे नाव रोज रात्री बापाच्या तोंडून प्रार्थनेत ऐकणाऱ्या मुलाला क्षमेवरचे प्रवचन निराळे कशाला हवे?

त्या यादीच्या जागी आज काय आहे? ऑक्टोबर संपता संपता फुलांचे भाव चढतात. 2 नोव्हेंबरला, सर्व मृत भाविकांच्या स्मरणदिनी, आपली दफनभूमी झेंडू, शेवंती आणि मेणबत्त्यांनी झळकते. कबरी धुतल्या जातात, क्रूसांना रंग दिला जातो. हे सारे चांगले आहे. हा दिवस क्लुनी मठाचे प्रमुख संत ओदिलो यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मठांतून सुरू केला, तेव्हापासून हजारांहून अधिक वर्षे भाविक मृतांसाठी प्रार्थना करीत या दिवशी एकत्र येतात. 1 ते 8 नोव्हेंबर या दिवसांत दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्याला, नेहमीच्या अटी पाळल्यास, ख्रिस्तसभा संपूर्ण दंडमाफी देते आणि ती शुद्धिस्थानातील आत्म्यांनाच अर्पण करता येते. किती उदार देणगी आहे ही! पण कबरीपाशी उभ्या असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला विचारावे की इथे कोण निजले आहे. ‘पपांचे कोणीतरी’, असे उत्तर येते. फुलांवर शेकडो रुपये खर्च करणाऱ्या घरात मृताचे नाव वर्षभरात एकदाही प्रार्थनेत उच्चारले गेलेले नसते. ज्याचे नाव घरात घेतले जात नाही त्याच्या कबरीवर हार चढवणे, ही शेजारधर्माची रीत झाली. तिला मृतांवरील प्रेम म्हणणे मला जड जाते.

घरातील पुरुषांविषयीही स्पष्ट लिहिले पाहिजे. प्रार्थना ही बायकांची बाब, हा समज आपल्यात कधी घुसला कोण जाणे. झोनच्या जपमाळेला पुरुषमंडळी येतात, दारात उभी राहतात, गाड्यांविषयी आणि जमिनीच्या भावांविषयी हलक्या आवाजात बोलतात आणि चहाच्या वेळी आत येतात. त्यांचे मुलगे हे पाहत असतात. बारा वर्षांचा मुलगा प्रार्थनेतून अंग काढून घेऊ लागतो तेव्हा आई फादरांकडे तक्रार घेऊन जाते. पण मुलगा बापाचेच अनुकरण करीत असतो! उलट बाजूही नोंदवायला हवी : जपमाळेची छडी करणारे बापही आपल्या समाजात होऊन गेले. गुडघे दुखतात म्हणणाऱ्या पोराच्या पाठीत धपाटा घालणारे, दारू पिऊन येऊन प्रार्थना पुढे सांगणारे. त्यांच्या मुलांच्या मनात जपमाळेविषयी अढी बसली असेल तर तो दोष जपमाळेचा नाही. तसा बाप होऊ नये, एवढाच धडा त्यातून घ्यावा. प्रार्थनाच सोडून द्यावी, हा नव्हे.

सुशिक्षित तरुणांचा आक्षेप निराळा असतो. तेच ते शब्द पन्नास वेळा उच्चारणे म्हणजे पोपटपंची, असे ते म्हणतात. याचे उत्तर दुसरे जॉन पॉल यांनी 16 ऑक्टोबर 2002 च्या प्रेषितीय पत्रात दिले आहे. त्याच पत्रात त्यांनी प्रकाशाची पाच रहस्ये जपमाळेत जोडली. पुनरुत्थित प्रभूने पेत्राला तीन वेळा एकच प्रश्न विचारला, तू माझ्यावर प्रीती करतोस काय, आणि पेत्राने तीन वेळा एकच उत्तर दिले. त्या पुनरुक्तीकडे पोप महाशय आपले लक्ष वेधतात. प्रेमाची भाषा पुनरुक्तीचीच असते. आपल्या लेकराला एकच लाडाचे नाव दिवसातून शंभरदा घेऊन हाक मारणाऱ्या आईला कोणी पोपट म्हणत नाही.

भाषेचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. मुले इंग्रजी शाळेत जातात, धर्मशिक्षणही अनेक ठिकाणी इंग्रजीतून होते. आजी ‘नमो मारिया’ मराठीत सुरू करते आणि नातवंडे उत्तरार्ध इंग्रजीत म्हणतात किंवा नुसते ओठ हलवतात. इंग्रजीला माझा विरोध नाही; देवाला सर्व भाषा कळतात. आजीला कळत नाहीत, एवढेच. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू इथे येऊन आपली भाषा शिकला आणि त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. चारशे वर्षांपूर्वी एका परदेशी माणसाने आपल्या भाषेसाठी जे कष्ट घेतले त्याचा शतांशही आपण आपल्या मुलांकडून मागत नाही. याची किंमत कोठे चुकवावी लागते? मरणासन्न माणसाच्या खाटेपाशी. शेवटची घटका येते, खोलीत मुले, सुना, नातवंडे दाटीने उभी असतात, पदवीधर असतात, परदेशातून आलेली असतात, आणि प्रार्थना सुरू करायला कोणी पुढे होत नाही. मग शेजारच्या आळीतील प्रार्थना सांगणाऱ्या बाईंना बोलावणे धाडले जाते. जन्मभर ज्या शब्दांनी तिने देवाला हाक मारली ते शब्द त्या आजीला अखेरच्या श्वासाला परक्याच्या तोंडून ऐकावे लागतात, किंवा ऐकायला मिळतच नाहीत.

घरची प्रार्थना किती बळकट असू शकते याचा दाखला आपल्या वसईशी जोडलेला आहे. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानमधील नागासाकी येथे आपल्या सोबत्यांसह क्रूसावर हुतात्मा झाले. पुढे 1614 मध्ये तेथील सत्ताधीशांनी ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. धर्मगुरू मारले गेले किंवा हाकलले गेले, मंदिरे पाडली गेली. दोनशेहून अधिक वर्षे तिथे ना मिस्सा, ना पापनिवेदन, ना धर्मशिक्षणाचा वर्ग. 17 मार्च 1865 रोजी नागासाकीत परदेशी रहिवाशांसाठी नव्यानेच उभारलेल्या मंदिरात उराकामी गावचे काही शेतकरी आले आणि फ्रेंच धर्मगुरू पेतीजाँ यांना हळूच म्हणाले की आमची श्रद्धाही तुमच्यासारखीच आहे. मग त्यांनी विचारले, पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे? सात पिढ्या ही श्रद्धा घराघरांतून, आईबापांच्या तोंडून मुलांच्या कानांत उतरत आली होती. आपल्याकडेही 1739 नंतर वसई किल्ल्यातील मठ ओस पडले. गावोगावची श्रद्धा ओस पडली नाही.

आणि आपली परीक्षा? ती 2020 मध्ये झाली. महासाथीमुळे महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे मार्चपासून बंद होती, ती 16 नोव्हेंबरला उघडली. म्हणजे त्या वर्षीचा संपूर्ण ऑक्टोबर आणि मृतांचा स्मरणदिन बंद दारांआड गेला. मूर्ती फिरली नाही, खुर्च्या मांडल्या गेल्या नाहीत. व्हॅटिकनने त्या वर्षी दफनभूमीच्या भेटीची सवलत सबंध नोव्हेंबर महिन्यावर वाढवली आणि ज्यांना घराबाहेर पडता येत नव्हते त्यांना घरूनच प्रार्थना करण्याची मुभा दिली. ज्या घरांत सायंप्रार्थनेची सवय होती तिथे फारसे काही बदलले नाही. इतर घरांतून मोबाइलच्या पडद्यावर फादर जपमाळ सांगत होते आणि माणसे सोफ्यावर बसून ती पाहत होती. पाहत होती, हा शब्द मी विचारपूर्वक योजला आहे.

धर्मगुरूंनाही एक गाऱ्हाणे सांगायचे आहे, आदर राखून. घरी प्रार्थना करा, असे वेदीवरून सांगितले जाते आणि त्याच मिस्सेच्या अखेरीस सूचना वाचल्या जातात : सोमवारी युवकांची सभा, मंगळवारी झोनची जपमाळ, बुधवारी नोव्हेना, गुरुवारी गायकवृंदाचा सराव, शुक्रवारी महिला मंडळ. नोव्हेंबरात ख्रिस्तराजाच्या सणाची तयारी आणि तिच्या पाठोपाठ नाताळच्या स्पर्धा. आई एका सभेत, मुलगी दुसऱ्या सरावात, बाप तिसऱ्या समितीत. धर्मग्रामासाठी झटणाऱ्या कुटुंबालाच एकत्र गुडघे टेकायला संध्याकाळ सापडत नाही. माझी मागणी लहान आहे. येत्या ऑक्टोबरची यादी तयार करताना प्रत्येक पॅरिश कौन्सिलने आठवड्यातील दोन संध्याकाळी कोऱ्या ठेवाव्यात. सभा नाही, सराव नाही, झोनची जपमाळही नाही. सात वाजता देवदूताच्या प्रार्थनेची घंटा वाजवावी आणि मंदिराचे दार लावून घ्यावे. मूर्ती ज्या घरी येईल तिथे पहिले दशक घरच्या बापाने सांगावे, दुसरे सर्वांत धाकट्या मुलाने, आणि ते चुकले तरी मागून कोणी दुरुस्त करू नये. चहा-फराळ बंद. त्याऐवजी घरच्यांनी आपल्या मृतांची नावे मोठ्याने वाचावीत. ज्यांना ती ठाऊक नसतील त्यांनी 2 नोव्हेंबरच्या आत घरातील सर्वांत वृद्ध माणसापाशी वही घेऊन बसावे आणि ती लिहून घ्यावीत.