मधले शून्य



दिवाळीच्या सुट्टीत आमचा पाचवीतील नातू धाराशिवच्या आमच्या किराणा दुकानात बसू लागला. नोकर माल मोजी, नातू काट्यावरील आकडा वहीत उतरवी आणि हिशेब करी. एके दिवशी एका वृद्ध बाईंनी तूरडाळ घेतली. काट्याने २.०५० दाखविले, नातवाने वहीत २.५ लिहिले. १६० रुपये किलोच्या भावाने ३२८ रुपये व्हावयाचे, तेथे ४०० रुपये घेतले गेले. सायंकाळी वही पाहताना ‘बाईंनी दोन किलो मागितली होती, अडीच कशी?’ असे नोकराच्या लक्षात आले. त्याच रात्री नातवाला सोबत घेऊन ७२ रुपये बाईंच्या घरी पोहोचते केले.

परतताना मी त्याला विचारले, ‘शून्य का गाळलेस?’ तो म्हणाला, ‘दशांशचिन्हानंतरच्या शून्याला किंमत नसते ना!’

चूक निष्काळजीपणाची नव्हती. एक अर्धा नियम त्याने पुरा मानला होता. २.५०० आणि २.५ एकच, हे खरे. कारण ती शून्ये शेवटी आहेत. परंतु २.०५० मधील पहिले शून्य ‘शंभर ग्रॅमच्या घरात काही नाही’ असे सांगते आणि पाचाला दहा ग्रॅमच्या घरात धरून ठेवते. ते गाळताच पाच अंक एक घर डावीकडे सरकतो आणि दसपट होतो. शेवटचे शून्य गाळता येते. मधले गाळता येत नाही.

आपणा व्यापारी कुटुंबांना हा विषय केवळ परीक्षेतील गुणांचा नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने ‘हीनाधिक मानोन्मान’ गणले आहे. म्हणजे घेताना एक माप आणि देताना दुसरे. नातवाच्या मनात लोभ नव्हता, म्हणून त्याला दोष लागला असे मी म्हणणार नाही. परंतु ग्राहकाचे ७२ रुपये तर गेलेच होते. ज्या घरात माप चोख ठेवण्याचे व्रत आहे, त्या घरात माप वाचण्याचे शिक्षणही चोख असावयास हवे.

या मधल्या शून्याचा मान आपल्या आचार्यांनी फार पूर्वी राखला आहे. ‘लोकविभाग’ हा ग्रंथ आज सिंहसूरींच्या संस्कृत रूपात उपलब्ध आहे. मूळ ग्रंथ शके ३८० मध्ये, म्हणजे इ.स. ४५८ मध्ये पूर्ण झाल्याची नोंद त्यात आहे. शून्यासह दशमान स्थानपद्धती वापरणाऱ्या सर्वांत जुन्या ग्रंथांत त्याची गणना होते. त्यातील एक संख्या आहे १३,१०,७२,००,०००. ती एककाच्या बाजूने शब्दांत सांगितली आहे : आधी पाच शून्ये, मग दोन, सात, पुन्हा शून्य, नंतर एक, तीन आणि एक. सात व एक यांच्यामधील शून्यासाठी तेथे ‘अंबर’, म्हणजे आकाश, हा शब्द योजिला आहे. तेवढे आकाश वगळले, तर १३ अब्ज १० कोटी ७२ लाखांचे १ अब्ज ३१ कोटी ७२ लाख होतील. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने हा ग्रंथ प्रकाशित केला आहे.

आपल्या उमरग्याच्या पलीकडे, कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात मळखेड आहे. तेथील राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, इ.स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. एक, दश, शत येथून महाक्षोभापर्यंत स्थानांची चोवीस नावे त्यांनी दिली. प्रत्येक स्थान आधीच्याच्या दसपट. त्याच ग्रंथात शून्याने भागले असता संख्या जशीच्या तशी राहते, असेही म्हटले आहे; आजचे गणित ते मान्य करीत नाही. एवढे थोर आचार्य जेथे अडखळले, तेथे दहा वर्षांच्या मुलावर रागावण्याचे कारण नाही. त्याला समजावून मात्र द्यावे.

ते कसे, याविषयी घरी करता येण्याजोग्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट हाताने करण्याची. एक किलो साखर घ्यावी आणि मुलाकडून तिच्या शंभर-शंभर ग्रॅमच्या दहा पुड्या बांधून घ्याव्यात. त्यांतील एक पुडी सोडून दहा-दहा ग्रॅमच्या दहा पुड्या कराव्यात. मोठी पुडी किलोचा दशांश, लहान पुडी शतांश, एक ग्रॅम म्हणजे सहस्रांश. मग कागदावर किलो, शंभर ग्रॅम, दहा ग्रॅम, एक ग्रॅम अशी चार घरे आखून २.०५० मांडावयास सांगावे. शंभराचे घर रिकामे राहिले की शून्य कशासाठी असते, हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

दुसरी गोष्ट वाचण्याची. १.२५ आणि १.८ यांत मोठी संख्या कोणती, असे विचारले तर पुष्कळ मुले १.२५ म्हणतात, कारण आपण ‘एक पॉइंट पंचवीस’ वाचतो आणि पंचवीस आठांहून मोठे. म्हणून ‘एक दशांशचिन्ह दोन पाच’ असे अंकागणिक वाचावे. वडीलधाऱ्यांच्या तोंडची मापेही लिहून घ्यावीत : पाव किलो ०.२५०, पाऊण ०.७५०, सव्वा १.२५०, अडीच २.५००.

तिसरी गोष्ट लहान मुलांसाठी. ‘एकशे आठ’ ऐकून मूल आधी १०० लिहिते आणि पुढे ८ जोडते; होतात १००८. आपल्या घरात या दोन्ही संख्या रोज दृष्टीस पडतात. मुनिमहाराजांच्या नावाआधी १०८, तीर्थंकर भगवंतांच्या नावाआधी १००८. मंदिराच्या फलकापाशी थांबून मुलाला विचारावे, ‘येथे एक शून्य अधिक का?’ मग जपमाळेचे मणी दहा-दहाने मोजून घ्यावेत. दहा दशके आणि वर आठ मणी. शंभराची एक गड्डी, दशकाचे घर रिकामे, एकक आठ.

चौथी गोष्ट भाषेची. मराठीत आपण ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी उच्चारतो, पन्नास नंतर. लिहिताना मात्र पाच आधी. म्हणून मूल ३५ लिहून बसते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ असे वाचन ‘त्रेपन्न’च्या जोडीने दिले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची ही अडचण समजावून सांगितली होती. ‘त्रेपन्न’ हा आपल्या भाषेचा ठेवा आहे, तो राहावाच. परंतु प्रारंभी ‘पन्नास आणि तीन, त्रेपन्न’ असे जोडीने म्हणवून घेण्यात भाषेचे काही उणे होत नाही.

या चारही गोष्टींस खर्च नाही. काटा, साखर, माळ, वही आपल्या घरी आहेतच. पाहिजे ती रोजची पंधरा मिनिटे आणि न रागावण्याचा निश्चय.

आता नातवाने वहीत एक पद्धत घातली आहे. काट्यावरील तिन्ही अंक तो जसेच्या तसे उतरवितो आणि शेजारी शब्दांत लिहितो : ‘दोन किलो पन्नास ग्रॅम’. दोन्ही जुळले, तरच हिशेब करतो. त्या बाई परवा पुन्हा दुकानात आल्या होत्या. वजन झाल्यावर त्यांनी काट्याकडे पाहिलेच नाही. नातवाच्या वहीकडे पाहिले आणि पैसे काढून दिले.