मनाचा ब्रेक

अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाने तीर्थयात्रेचा विचार करावा, निदान गुडघे जपावेत, अशी आपल्याकडची रीत आहे. मी त्या वर्षी शर्यतीच्या ट्रॅकवर मोटार चालवायला शिकण्यासाठी चेन्नईला गेलो. बंगळूरला नोकरी करणाऱ्या चिरंजीवांनी वाढदिवसाची भेट म्हणून शनिवार-रविवारच्या प्रशिक्षणवर्गात माझे नाव परस्पर नोंदवून टाकले होते. सौभाग्यवतींनी ‘हे काय भलतेच’ म्हणून पाहिले आणि रुग्णालयातील तरुण सहकाऱ्यांनी मागे हसून घेतले. मी स्वतःही काहीशा तोऱ्यातच गेलो, हे आरंभीच कबूल करतो. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला आणि महामार्गाने कोल्हापूर-पुण्याला तीस वर्षे मी स्वतः गाडी हाकली होती. गाडीला साधा ओरखडाही नव्हता. मला आता कोण काय शिकविणार?

चेन्नईहून बंगळूरकडे येणाऱ्या महामार्गावर, श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे हा ट्रॅक आहे. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तो उभारला आणि १९९० पासून तेथे शर्यती होतात. त्यापूर्वी क्लबच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत असत. ट्रॅकची पूर्ण लांबी सुमारे पावणेचार किलोमीटर असून त्यात बारा वळणे आहेत. सकाळी सातलाच ऊन तापू लागले होते. डोक्यावर शिरस्त्राण चढवून, पट्टे आवळून मी गाडीत बसलो, तेव्हा विद्यार्थिदशेत पहिल्यांदा शस्त्रक्रियागृहात शिरताना पोटात जो गोळा आला होता, त्याची आठवण झाली.

पहिला धडा वेगाचा असेल असे वाटले होते. तो निघाला थांबण्याचा. सरळ पट्ट्यावर ठरावीक वेग घ्यायचा आणि खुणेच्या खांबाशी येताच ब्रेक पूर्ण ताकदीने दाबायचा. मी दाबला. गाडी थांबली. माझ्या मुलाच्या वयाचा प्रशिक्षक खिडकीशी आला आणि अदबीने म्हणाला, “सर, तुम्ही ब्रेक दाबलाच नाहीत. कुरवाळलात.” पुन्हा, पुन्हा असे पाच वेळा झाले. सहाव्या वेळी पाय जीव खाऊन दाबला, पायाखाली एबीएसची धडधड जाणवली, पट्टा छातीत रुतला आणि गाडी आधीच्या जागेच्या कितीतरी अलीकडे उभी राहिली. तीस वर्षांत मी एकदाही ब्रेक पूर्णपणे वापरलेला नव्हता. ज्या क्षणी त्याची खरी गरज पडली असती, त्या क्षणीही मी तो कुरवाळलाच असता. माझ्या निष्कलंक कारकिर्दीत कौशल्याचा वाटा किती आणि नशिबाचा किती, हा हिशेब त्या उन्हात उभ्या उभ्या मला करावा लागला.

दुपारी फळ्यावर गणित मांडले गेले. ते आपण सर्वांनी शाळेत शिकलेले आहे आणि रस्त्यावर येताच विसरलेले आहे. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरांची गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असेल, तर ब्रेक लागल्यापासून ती साधारण १४ मीटरमध्ये थांबते. ताशी १०० असेल तर ५५ मीटर लागतात. त्याआधी धोका दिसून पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत जो दीड सेकंद जातो, त्यात शंभराच्या वेगाने आणखी ४२ मीटर सरतात. म्हणजे जवळपास शंभर मीटर. आपल्या महामार्गावर पुढच्या ट्रकपासून आपण किती अंतर ठेवतो, हे प्रत्येकाने स्वतःशी आठवून पाहावे.

दुसरा धडा टायरांचा. चार टायर मिळून रस्त्याला तळहाताएवढ्या चार ठिकाणी टेकलेले असतात. तेथे मिळणारी पकड ठरावीक पगारासारखी असते. ती ब्रेकवर खर्च केली, तर वळण्यासाठी उरत नाही; वळणावर खर्च केली, तर ब्रेकसाठी उरत नाही. म्हणून वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर कमी करायचा आणि मग वळायचे. आपण घाटात नेमके उलट करतो. वेगात वळणात शिरतो, घाबरतो आणि ऐन मध्यावर ब्रेक दाबतो. तिसरा धडा डोळ्यांचा. हात डोळ्यांमागे जातात. जो खड्ड्याकडे पाहत राहतो, तो खड्ड्यातच जातो. घसरणाऱ्या गाडीतही नजर जिथे जायचे आहे तिथे ठेवायची, हे पाणी मारून निसरड्या केलेल्या जागेवर त्यांनी आमच्याकडून घोटून घेतले.

रविवारी प्रत्यक्ष ट्रॅकवर फेऱ्या झाल्या. त्या आनंदाचे वर्णन करण्याचा मोह मी आवरता घेतो. मात्र आनंद झाला, हे लपविणार नाही. एखादे वळण अचूक साधले की गाडी आणि आपण एक झाल्याचा जो भास होतो, तो हाडाचे तुकडे जिथल्या तिथे चपखल बसल्यावर शस्त्रक्रियातज्ज्ञाला होणाऱ्या समाधानाच्या जातीचा आहे.

इथवर हा प्रवासवृत्तान्त झाला. लिहायचे आहे ते यापुढचे.

परतल्यावर पंधरा दिवसांनी आम्ही उभयता पणजीला निघालो. चोर्ल्याच्या उतारावर माझ्या लक्षात आले, की मी वळणांच्या रेषा आखतो आहे. आधी बाहेरून, मग आतल्या टोकाला स्पर्शून पुन्हा बाहेर. हात हलके होते, नजर पुढे होती, सारे शिकविल्याप्रमाणे घडत होते. सौभाग्यवती बराच वेळ गप्प होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, “अहो, समोरून कदंबाची बस आली तर?” मी वेगमापकाकडे पाहिले. ज्या वळणांवर तीस वर्षे मी ताशी तीसने जात असे, तिथे काटा पन्नासच्या पुढे होता. पुढच्याच वळणावर बस आली. मी तोपर्यंत आपल्या बाजूला परतलो होतो, म्हणून हा लेख लिहीत आहे.

हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. त्याला अभ्यासाचा आधार आहे. अमेरिकेत परवानाधारक शर्यतपटूंच्या सार्वजनिक रस्त्यांवरील नोंदी सामान्य चालकांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या गेल्या. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शर्यतपटूंचे अपघातही अधिक आढळले आणि नियमभंगही. नॉर्वेत नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे शिक्षण सक्तीचे केले गेले. १९८८ च्या अहवालात तरुण पुरुषांचे तशा रस्त्यांवरील अपघात घटण्याऐवजी वाढल्याचे दिसून आले. कारण उघड आहे. कौशल्य वाढले की माणूस ते सुरक्षिततेच्या खात्यात जमा करीत नाही. वेगावर उधळून टाकतो. ट्रॅकवर सर्व गाड्या एकाच दिशेने जातात, कडेला खडीचा मोकळा पट्टा असतो, झेंडे दाखविणारी माणसे आणि रुग्णवाहिका सज्ज असतात. आमच्या रस्त्यावर कडेला वडाचे झाड असते, वळणापलीकडे म्हैस असते आणि अंधारात दिवा नसलेला उसाचा ट्रॅक्टर असतो.

मग असे प्रशिक्षण घेऊच नये काय? माझे मत तसे नाही. पूर्ण ब्रेक कसा लावावा, हे प्रत्येक चालकाला आलेच पाहिजे आणि ते सुरक्षित जागी कुणीतरी शिकविल्यावाचून येत नाही. परंतु त्या दोन दिवसांतून मनुष्य आपल्या मर्यादेचे ज्ञान घेऊन परतला, तर तो शिकला; अभिमान घेऊन परतला, तर त्याने घरी बसलेले बरे. मोठी शस्त्रक्रिया करता येणे आणि ती कधी करू नये हे कळणे यांतील अंतर आपल्या व्यवसायात सर्वांना ठाऊक आहे. आपण ते स्टिअरिंगमागे बसल्यावर विसरतो.

हे मी डॉक्टरांच्या स्मरणिकेत मुद्दाम लिहीत आहे. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील काहींना आपण अखेरच्या घटकेला पाहिले आहे. तरीही रात्रभर शस्त्रक्रिया करून पहाटे गाडी काढणारे आपणच आहोत. सलग सतरा तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकाच मंदावतो, असे १९९७ मध्ये दाखवून दिले गेले. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. २००५ मध्ये अमेरिकेतील शिकाऊ डॉक्टरांच्या पाहणीत प्रदीर्घ पाळीनंतर घरी जाताना अपघाताची शक्यता दुपटीहून अधिक आढळली. निवासी डॉक्टर म्हणून ज्यांनी पाळ्या केल्या, त्यांना हे आकडे वाचण्याचीही गरज नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या सहीची आहे. चाळिशीनंतर परवान्याच्या नूतनीकरणासाठी जो वैद्यकीय दाखला लागतो, तो नमुना १-अ आपण भरतो. उमेदवाराला २५ मीटरवरून मोटारीचा क्रमांक वाचता येतो का, असा प्रश्न त्यात आहे. शंभराच्या वेगाने २५ मीटर एका सेकंदाच्या आत संपतात. इतका माफक प्रश्न आहे. तोही न विचारता, माणूस ओळखीचा आहे म्हणून सही केल्याचे मला आठवते. तशी आठवण इतरांनाही असेल.

म्हणून संस्थेपुढे तीन सूचना ठेवतो. वर्षातून एकदा एखाद्या मोकळ्या मैदानावर, जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, सभासदांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी ब्रेक आणि नजर यांचा वर्ग भरवावा. त्यात वेगाची चढाओढ मुळीच नसावी. रात्रपाळी केलेल्या डॉक्टरला घरी पोहोचविण्यासाठी चालकाची सोय प्रत्येक रुग्णालयाने करावी. त्याचा खर्च एका अतिदक्षता-खाटेच्या खर्चापुढे नगण्य आहे. आणि नमुना १-अ वर तपासल्यावाचून सही करणार नाही, असा ठराव आपण एकमताने करावा.

निपाणीच्या पुढे गेलो की महाराष्ट्राच्या ट्रकांच्या मागे एक वाक्य दिसते: ‘मनाचा ब्रेक, उत्तम ब्रेक’. तरुणपणी त्याला हसत ओलांडून जात असे. पायातला ब्रेक मी अठ्ठावन्नाव्या वर्षी चेन्नईला शिकलो. मनातला मात्र त्या दिवशी चोर्ल्यात शेजारच्या आसनावरून लागला. आणि तो अजून मला आपणहून लावता येतो असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. आता घाट लागला की सौभाग्यवती काही बोलत नाहीत; फक्त एकदा वेगाच्या काट्याकडे पाहतात आणि माझा पाय आपोआप वर येतो.