परराष्ट्र धोरणाच्या टेबलावर आपली मुले कधी?

२००१ साली डर्बनच्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेत भारत सरकारने जातीचा प्रश्न अधिकृत जाहीरनाम्यात येऊ दिला नाही. आपले कार्यकर्ते तेथे पोहोचले होते. पण देशाच्या वतीने बोलणाऱ्या खुर्चीत ते नव्हते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय आपल्या मुलामुलींनी शिकला पाहिजे, असे आम्ही म्हणतो.

मात्र कॉलेज निवडताना चकचकीत इमारतीला व जाहिरातीला भुलू नका. आधी राखीव जागा, फी, वसतिगृह आणि ग्रंथालय पाहा. दिल्लीच्या जेएनयूत या विषयाचे १९५५ पासूनचे स्कूल आहे, कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात स्वतंत्र विभाग आहे. दोन्ही सरकारी विद्यापीठे आहेत. तेथे अर्ज केलाच पाहिजे.

परदेशात जायचे तर केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. त्यांना उत्पन्नाची व विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. ती आधी वाचा, मगच विद्यापीठांची यादी करा.

बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. लंडनला शिकलेले के. आर. नारायणन १९४९ साली परराष्ट्र सेवेत आले, पुढे राष्ट्रपती झाले. वाट मळलेली आहे. बांधवांनो, अर्जाची तारीख चुकवू नका!