राउटरचा खर्च कोणाचा?

पेडणे, डिचोलीतल्या कर्मचाऱ्याच्या हाती लॅपटॉप ठेवला की घरून कामाची सोय झाली, असे मनुष्यबळ विभागातली आपली मंडळी आजही धरून चालतात. मार्च 2020 मध्ये ते खपून गेले. तेव्हा इलाजच नव्हता. आता पेडण्याहून वेर्ण्याला जाण्या-येण्याचे शंभरेक किलोमीटर वाचवल्याचे श्रेय व्यवस्थापन घेते आणि जूनमध्ये वीज गेली की खापर मात्र कर्मचाऱ्यावर फुटते.

पावसाच्या पहिल्या वाऱ्यात माडाचे झावळ तारेवर पडले की वाडाच अंधारात जातो. लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, राउटर त्याच क्षणी मान टाकतो. राउटरपुरता छोटा यूपीएस दोन-तीन तास सहज काढतो, आणि तो काही महाग नाही. पण केबलवाल्याचा खांबावरचा स्विच विजेवर असेल तर घरचा यूपीएस असून नसल्यासारखा. म्हणून जोडीला दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड द्या, आणि त्याची रेंज आतल्या खोलीत मिळते की फक्त बलकांवावर, हे कामाला बसवण्याआधी पाहून घ्या. खर्च आस्थापनेचा, हे नेमणूकपत्रातच लिहा.

मोरजी-मांद्र्यात भाड्याने राहणारे मुंबई-बंगळूरचे लोक दोन-दोन जोडण्या घेऊन बसतात. शेजारची आपली मुलगी जेवणाच्या टेबलावर हिशेब लिहिते. तिच्या चॅटवरचा हिरवा ठिपका विझला म्हणून दर अर्ध्या तासाला फोन करणाऱ्या सुपरवायझरला आधी प्रशिक्षण द्या. दिवसाला किती बिले नोंदली, किती तक्रारी मिटल्या, एवढे विचारले तरी पुरे. चवथीच्या आठवड्यात तेही जरा सैल सोडावे.

कायद्याकडेही आपले दुर्लक्षच आहे. प्रसूती रजेनंतर परस्पर संमतीने घरून काम करण्याची तरतूद 2017 च्या दुरुस्तीने आली. किती जणींना आपण ती आपणहून सांगितली? लैंगिक छळविरोधी 2013 च्या कायद्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत राहते घरही येते. तेव्हा रात्री दहाच्या व्हिडिओ कॉलवरची शेरेबाजी अंतर्गत समितीच्या कक्षेबाहेर आहे, अशा भ्रमात राहू नका.

ज्यांच्या घरी वेगळी खोलीच नाही, त्यांच्यासाठी डिचोली किंवा साखळीच्या बाजारात जनरेटर असलेली एखादी जागा चार-पाच जणांत मिळून भाड्याने घेता येईल. दोन-तीन कंपन्यांनी मिळून घेतली तरी बिघडत नाही. पावसाळ्याआधी तेवढे करा.