गर्भवतीची तपासणी : कार्ड भरले म्हणजे झाले का?
गडचिरोली, चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात गर्भवतीची तपासणी म्हणजे केवळ वजन, रक्तदाब आणि लोहाच्या गोळ्या नव्हे. सरकारी आरोग्य केंद्रात किमान चार तपासण्या मोफत होतात. पहिली 12 आठवड्यांच्या आत व्हायला हवी. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला डॉक्टरही तपासतात. हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे रक्तक्षय. 7 च्या खाली गेले तर मोठ्या रुग्णालयातच उपचार घ्यावेत.

या भागात सिकलसेलचे प्रमाणही मोठे आहे. म्हणून पहिल्याच भेटीत ती चाचणी करावी आणि गर्भवती वाहक निघाली तर पतीचीही. दोघे वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते.

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. त्यामुळे आरोग्य केंद्राजवळच्या ‘माहेरघरा’त मुक्कामाला कधी यायचे, हे तिसऱ्या तपासणीतच ठरले पाहिजे. नुसते कार्ड भरून भागणार नाही. रिपोर्टचा अर्थ गर्भवतीला तिच्या माडिया-गोंडी बोलीत समजला, तरच ती तपासणी पूर्ण झाली म्हणायची.